तेल लावून आलात म्हणून परत का पाठवलं, आणि खरवडायची तपासणी कशाला

नमस्कार. केस गळण्याच्या तपासणीबद्दल तुमच्या अभिप्रायात तीन तक्रारी आहेत: केसांना तेल आहे म्हणून पहिल्यांदा परत पाठवलं, दुसऱ्यांदा डर्मोस्कोपने (त्वचा आणि केस मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाने) जेमतेम दोन मिनिटं पाहिलं, आणि वर खरवडून वेगळी तपासणीही करायला लावली.

पहिली तक्रार मान्य. आदल्या दिवशी केस धुवा. तेल, रंग, टक्कल झाकायची पावडर काही नको, हे वेळ देतानाच सांगायला हवं होतं. आता नाव नोंदवतानाच सांगतो. पण तेलकट डोकं तपासून उपयोग नसतो. तेलाने खपल्या दिसेनाशा होतात, आणि पावडरीचे कण दहापट मोठे झाले की थेट काळ्या ठिपक्यांसारखे भासतात.

सगळी गोची या काळ्या ठिपक्यांचीच. ते म्हणजे त्वचेलगत तुटलेले केस. चाईत (गोल चट्ट्यांत केस गळतात त्या आजारात) दिसतात, डोक्यावरच्या नायट्यात दिसतात, केस उपटायच्या सवयीतही दिसतात. म्हणून टक्कल पडलेल्या चट्ट्याच्या मधोमध कमी आणि कडेला जास्त पाहावं लागतं. तिथे टोकाला जाड आणि मुळाशी निमुळता, उद्गारचिन्हासारखा आखूड केस सापडला तर पारडं चाईकडे झुकतं. स्वल्पविरामासारखा वाकलेला किंवा स्प्रिंगसारखा पिळलेला केस दिसला तर संशय बुरशीचा, म्हणजे नायट्याचा. निरनिराळ्या लांबीवर तुटलेले, टोकं फाटलेले केस बहुधा ओढल्याचे. केसांची छिद्रंच बुजलेली असतील तर प्रकरण वेगळं; मग चट्ट्याच्या कडेवरून बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी त्वचेचा छोटा तुकडा, घ्यावी लागते. एका चट्ट्यावर हे सगळं पाहायला सरावलेल्या नजरेला दोन मिनिटं पुरतात.

आता खरवडण्याबद्दल. चाईवर स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. तेच बुरशीवर दिलं तर ती फोफावते. बुरशीला काही आठवडे पोटातून गोळ्या लागतात, नुसत्या मलमाने भागत नाही, कारण ती केसाच्या आत शिरलेली असते. इतकी उलट औषधं असताना नुसत्या ठिपक्यांवर विसंबून सुई कशी टोचायची? त्यामुळे जरा खपली दिसली, की ती आणि तुटक्या केसांची खुंटं काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली पाहतो. डर्मोस्कोप खुंट नेमकी कुठली उचलायची ते दाखवतो, या तपासणीची जागा घेत नाही.

तुमच्या डोक्यावर काय दिसलं ते इथे चारचौघांत लिहिणार नाही. फोटो तुमच्या फायलीत आहेत. कधीही या, स्क्रीनवर एकेक केस दाखवून सांगतो.