होळी म्हणायचंच तर त्र्न्देझला म्हणा
आर्मेनियाच्या सणांवरच्या तुमच्या लेखात वार्दावार या सणाला ‘आर्मेनियाची होळी’ म्हटलंय, त्यात एकमेकांवर पाणी उडवतात म्हणून, पण मी तिथे राजधानी येरेवानला मेडिकलला होते, दोन्ही सण जवळून बघितलेत म्हणून सांगते, आपल्या होळीच्या जास्त जवळचा सण म्हणजे त्र्न्देझ. 13 फेब्रुवारीच्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात मोठी शेकोटी पेटवतात, आधी प्रार्थना होते आणि मग नवीन लग्न झालेली जोडपी हात घट्ट धरून जाळावरून उडी मारतात. आमच्या घरमालकीणबाईंच्या सुनेने एका हाताने लांब कोट सावरत उडी मारली आणि बाई एकदम रडायलाच लागल्या, तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या.

वार्दावार येतो ईस्टरनंतर 98 दिवसांनी, भर उन्हाळ्यात, रंगबिंग काही नाही, नुसत्या बादल्याच्या बादल्या पाणी.

आणि द्राक्षांच्या आशीर्वादाचं लेखात नावच नाही! 15 ऑगस्टच्या जवळच्या रविवारी चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात, तोवर जुनी माणसं द्राक्षाला हात लावत नाहीत, बाजारात ढीग लागलेले असले तरी. माझी आजी नवं भात देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही, अगदी तस्संच. यावर पण लिहा ना प्लीज.