अणूचं अर्धायुष्य आणि औषधाचा शरीरातला मुक्काम

‘नव्या औषधाच्या चाचणीत निरोगी माणसांना किरणोत्सारी कार्बन गिळायला देतात. त्याचं अर्धायुष्य 5,730 वर्षं, म्हणजे मरेपर्यंत तो शरीरातून जात नाही’ असा मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यातला आकडाही बरोबर आहे, पण निष्कर्ष साफ चुकीचा.

5,730 वर्षं हे कार्बन-14च्या, म्हणजे या किरणोत्सारी कार्बनच्या, अणूचं अर्धायुष्य. इतक्या काळात त्याचे निम्मे अणू फुटतात. शरीरात तो किती दिवस राहणार हे यकृत आणि मूत्रपिंडं ठरवतात, आणि त्यांना अणूच्या वयाशी काही देणंघेणं नसतं. औषधाच्या काही रेणूंमध्ये साध्या कार्बनच्या जागी कार्बन-14 बसवलेला असतो. यकृतातले विकर (एन्झाइम) तेही रेणू नेहमीसारखेच तोडतात आणि बरेचसे तुकडे लघवी-शौचावाटे बाहेर पडतात. हे कुणी गृहीत धरत नाही, मोजतात. स्वयंसेवकाची सगळी लघवी आणि विष्ठा जमा केली जाते. लघवीचा छोटा नमुना एका खास द्रवात मिसळला की फुटणाऱ्या अणूगणिक त्यात बारीकशी चमक उठते आणि यंत्र त्या चमका मोजतं. दिलेल्यापैकी 90 टक्क्यांच्या आसपास परत मिळावं, हे लक्ष्य असतं. ट्रिटियमचंही, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचंही, तसंच. अर्धायुष्य 12.3 वर्षं, पण पाण्याच्या रूपात पोटात गेलं तर निम्मं साधारण दहा दिवसांत बाहेर.

‘जितकं दीर्घ आयुष्य तितका धोका जास्त’ हा त्याच मजकुरातला दुसरा मुद्दा. अर्धायुष्य लांब म्हणजे अणू क्वचित फुटणार. दहा दिवसांत कार्बन-14च्या सुमारे तीन लाख अणूंमागे एक फुटतो. शिवाय आपल्या शरीरात मुळातच इतका कार्बन-14 असतो, की दर सेकंदाला त्याचे तीन-चार हजार अणू फुटत असतात. चाचणीतली मात्रा याहून बरीच मोठी असू शकते, हे मी लपवणार नाही. काही औषधं डोळ्यातल्या किंवा त्वचेतल्या रंगद्रव्याला चिकटून रेंगाळतात, हेही खरं. म्हणूनच आधी उंदरांमध्ये औषध कुठे साठतं ते पाहून माणसासाठीची मात्रा ठरवतात.

‘रक्त तपासून भागलं असतं’ हे त्यातलं वाक्य मला सर्वांत खटकलं. नेहमीच्या रक्ततपासणीत आपण जे शोधतो तेच सापडतं. यकृताने औषधाचं भलतंच काही केलं असेल, तर ते कळायला त्या तुकड्यावर कार्बन-14ची खूण हवी. ती कुठे लावायची यात खरं कसब आहे. सहज तुटणाऱ्या टोकावर लावली तर ती श्वासावाटे निघून जाते आणि उरलेल्या रेणूचा माग लागत नाही. एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या श्वासचाचणीत मात्र मुद्दाम तेच करतात. कार्बन-14 लावलेलं टोक यकृतातला विकर तोडतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि औषध शिरेतून दिल्यावर वीस मिनिटांनी घेतलेल्या श्वासाच्या नमुन्यात तोच कार्बन-14 मोजला जातो.