बिटाचा रस, जिभेखालची गोळी आणि मेंदूचा पडदा

सांगलीत आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: बिटाच्या रसाने नायट्रिक ऑक्साइड वाढते, ते रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा उघडते आणि त्या वाटेने मेंदूतील विषारी द्रव्ये निघून जातात, म्हणून पक्षाघाताची लक्षणे दिसताच रस पाजावा आणि सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवावी.

पहिले विधान बरेचसे खरे आहे. बिटातील नायट्रेटचे तोंडातले जिवाणू नायट्राइट करतात, त्यापासून पुढे नायट्रिक ऑक्साइड बनते आणि रक्तदाब थोडा उतरतो. मात्र हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, आणि रक्तात तर हिमोग्लोबिन त्याला लगेच निकामी करते.

खरी गफलत ‘उघडते’ या शब्दात आहे. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी क्लॉडिन-५, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. त्यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. याच पेशी स्वतः अगदी थोडे नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, आणि त्यामुळे वाहिन्या सैल राहतात व प्लेटलेट्स चिकटत नाहीत. दाह झाला की मात्र दुसरेच विकर (एन्झाइम) हा वायू तासन्‌तास मोठ्या प्रमाणात बनवते, त्याचा सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपाशी संयोग होऊन पेरॉक्सिनायट्राइट हे जहाल रसायन तयार होते आणि शिवण उसवू लागते. म्हणजे संदेशात पडद्याचे जे उघडणे उपचार म्हणून सांगितले आहे, ती वस्तुतः इजा आहे. शिवाय उसवलेल्या जागेतून घाण बाहेर जात नाही. रक्तातील अल्ब्युमिन आणि फायब्रिनोजेन ही प्रथिने आत शिरतात, त्यांच्यामागे पाणी येते आणि मेंदूला सूज चढते. कृष्णेच्या पुरात गटारातून पाणी उलटे घरात येते, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. मेंदूतला कचरा बाहेर टाकणारे पंपही याच पेशींत असतात, तेव्हा भिंत खचली म्हणून ते जास्त चालतील असे मानायला आधार नाही.

सॉर्बिट्रेटचा सल्ला सर्वांत घातक. नायट्रिक ऑक्साइड देऊन रक्तदाब उतरवणारी ही गोळी हृदयविकाराच्या रुग्णांच्या खिशात असतेच, त्यामुळे तो चटकन अमलात येतो. पण पक्षाघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. आणि गुठळी असेल तर तग धरून असलेला मेंदूचा भाग रक्तदाबाच्याच आधारावर जगत असतो. नायट्रिक ऑक्साइड देणाऱ्या ग्लिसेरिल ट्रायनायट्रेटच्या पट्ट्यांची सुमारे ४००० रुग्णांवरील चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली: रक्तदाब उतरला, अपंगत्व कमी झाले नाही. २०१९ च्या चाचणीत तीच पट्टी रुग्णवाहिकेतच लावली, तरी फायदा दिसला नाही.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला की लक्षणे सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवून थेट मिरजेचे रुग्णालय गाठावे. आणि रस तर मुळीच पाजू नये, कारण अशा रुग्णाचे गिळणे बिघडलेले असू शकते आणि तो रस श्वासनलिकेत जातो.