निबंध पाठ करून घेणं थांबवा

बारावीचा निकाल लागला की बडोद्यात आयेल्ट्सच्या, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लासेसपुढे पालकांची रीघ लागते. फतेहगंज घ्या, अलकापुरी घ्या. पहिला प्रश्न ठरलेला: "दीड महिन्यात सात बँड येतील ना?" (बँड म्हणजे या परीक्षेतले गुण, नऊपैकी.) मी अकरावी-बारावीच्या मुलांना याच परीक्षेसाठी शिकवते आणि प्रत्येक पालकाला एकच सांगते. ही तयारी नववीपासून व्हायला हवी. त्या दीड महिन्यात पुष्कळ ठिकाणी जे चालतं, त्यानं मुलांचं नुकसान होतं.

मुलांना निबंधाचा साचा मिळतो. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, विषय पर्यावरण असो की मोबाइल, मधले चार शब्द तेवढे बदलायचे. आता परीक्षा काय मागते ते बघा. लेखनाला एक तास. त्यात एखाद्या आलेखाचं किंवा तक्त्याचं वर्णन किमान १५० शब्दांत आणि निबंध किमान २५० शब्दांत. निबंधाचं वजन दुप्पट. तपासणारा चार गोष्टींना सारखं महत्त्व देतो: विचारलेल्याचंच उत्तर दिलंय का, मुद्दे एकमेकांना धरून आहेत का, शब्दसंपदा आणि व्याकरण. पाठ केलेली वाक्यं ओळखण्याचं त्याला शिक्षणच दिलेलं असतं. शिवाय आपल्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या, असं निबंधाच्या प्रश्नातच लिहिलेलं असतं. साच्यात अनुभव कुठून येणार?

पालक म्हणतात, "मॅडम, शब्द कमी पडतात, यादी द्या." माझा अनुभव वेगळा आहे. कॉलेजचं शिक्षण सगळ्यांना फुकट असावं का, असं विचारलं की चांगल्या मार्कांची मुलंही माझ्या तोंडाकडे बघतात. "मॅडम, काय लिहायचं ते सांगा ना." शाळेची इतकी वर्षं त्यांना त्यांचं मत कुणी विचारलेलंच नसतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही मुलं हुशार असतात.

म्हणून माझ्या वर्गात आधी मराठीत, गुजरातीत वाद होतो. कडाक्याचा. गावातल्या बाजारांत गाड्यांना बंदी असावी का, या विषयावर एक मुलगी म्हणाली, मंगळबाजारात गर्दीच्या वेळी गाडी शिरतच नाही, तरी गिऱ्हाईक चालत येतंच ना! मी म्हटलं, हेच लिही, साध्या इंग्रजीत लिही. तो परिच्छेद कुठल्याही यादीतल्या जड शब्दांपेक्षा सरस उतरला. आपली मुलं घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी वापरतात. एक गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायची सवय त्यांना आहेच, तिच्यावर चौथी भाषा उभी राहू शकते.

घोकंपट्टीचं हे दुखणं जुनं आहे. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोदा संस्थानच्या नोकरीत होते आणि आपल्या बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवत. इथली मुलं व्याख्यानाचा शब्दन् शब्द उतरवून घेतात आणि घोकतात, याचं त्यांना नवल वाटे. एकदा मुलं म्हणाली, तुम्ही सांगता ते पुस्तकातल्या टिपांशी जुळत नाही. ते म्हणाले, मी टिपा वाचलेल्याच नाहीत.

वाचनाचा पेपर तर घोकंपट्टीला दादच देत नाही. ६० मिनिटं, तीन लांबलचक उतारे, ४० प्रश्न. उताऱ्यात हे विधान खरं आहे, खोटं आहे, की याबद्दल काही म्हटलेलंच नाही, अशा प्रश्नांत मुलं हमखास अडखळतात. स्वतःला माहीत असलेलं ती उताऱ्यावर लादतात. समोर छापलंय तेवढंच वाचायचं, ही शिस्त वर्षानुवर्षं वाचल्यावरच येते. मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीराव महाराजांनी आपल्यासाठीच उभं केलं. तिथे मराठी, गुजराती, इंग्रजी सगळं आहे. मुलाला घेऊन जा. रोज वीस मिनिटं वाचू दे, आवडेल ते.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. कार्डावरच्या विषयावर विचार करायला एक मिनिट आणि मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. परदेशी हेल काढायची काही गरज नाही, उच्चार समजले की झालं. पण घरी जेवताना मुलानं सलग दोन मिनिटं काही सांगितलं आणि कुणी मधेच तोडलं नाही, असं शेवटचं कधी झालं होतं?

आणि हो, निकाल दोन वर्षंच धरतात. म्हणून परीक्षेचा फॉर्म भरायची घाई करू नका, वाचायची करा. मुलं नववी-दहावीत असतील तर खाली इयत्ता आणि आवड लिहा, त्या वयाला पेलतील अशी पुस्तकं मी सुचवते.