इन्कॉग्निटोवर फार भिस्त ठेवू नका

कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवून जाते त्या छोट्या नोंदी) पुसा आणि इन्कॉग्निटो (ब्राउझरची खाजगी विंडो) वापरा, मागे लागलेल्या जाहिराती पाठ सोडतील, असं ऑनलाइन जाहिरातींवरच्या लेखात म्हटलंय. निम्मंच खरं आहे. इन्कॉग्निटोमुळे हिस्ट्री घरच्यांपासून लपते, साइटवाल्यांपासून नाही. विंडो बंद केल्यावर त्यातल्या कुकीज जातात, हा फायदा. पण आत लॉगिन केलंत तर ती साइट तुम्हाला ओळखतेच.

मागे आईसाठी मिक्सर बघितला, घेतलासुद्धा. तरी तीन आठवडे बातम्या उघडा, पाककृती उघडा, तोच मिक्सर समोर! दुकानाच्या पानावर जाहिरात कंपनीचा कोड असतो, तो ब्राउझरमध्ये एक नंबर ठेवून जातो. बातम्यांच्या पानावर त्याच कंपनीचा कोड तोच नंबर वाचतो. ही थर्ड पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटची नाही, तिसऱ्याच कंपनीची. (मिक्सर घरी आलाय हे मात्र त्या कंपनीला कळत नाही, एवढी हुशारी!)

ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०२० पासून अशा कुकीज मुळातच बंद ठेवल्यात. क्रोममध्ये त्या हटवू असं गूगल २०२०पासून सांगत होतं, तारखा ढकलत ढकलत शेवटी बेत सोडून दिला. म्हणून क्रोमवाल्यांनी सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन थर्ड पार्टी कुकीज स्वतःच ब्लॉक कराव्यात. सगळ्या कुकीज बंद करू नका हं, बँकेचं लॉगिनही चालणार नाही.

आणि साइट उघडताच कुकीजची परवानगी मागणारी चौकट येते, तिच्यात 'ॲक्सेप्ट ऑल'चं बटण ठळक, 'रिजेक्ट' मात्र तीन क्लिक आत, यावर लेखात एक ओळही नाही?