‘माज’ या शब्दावरून

नमस्कार. ग्रँड कॅन्यन या अमेरिकेतल्या प्रचंड दरीवरच्या माझ्या लेखावरची आपली लांबलचक प्रतिक्रिया दोनदा वाचली. एक चूक आधीच पदरात घेतो: नदीपर्यंतचा उतार मी 1,800 मीटर लिहिला होता, पण ती तिथली जास्तीत जास्त खोली. साउथ कायबॅबच्या वाटेने नदीपर्यंत साधारण 1,450 मीटरच उतरावं लागतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘खाली उतरल्याशिवाय कॅन्यन कळत नाही’ या माझ्या वाक्याला आपण ‘धड गुडघेवाल्यांचा माज’ म्हणालात. माज? अहो, एखाद्या अनोळखी माणसाला लिहायचा शब्द आहे का हा?

साउथ रिमवर, म्हणजे दक्षिणेकडच्या कड्यावर, बऱ्याच ठिकाणांहून नदी दिसतच नाही. जिने हे सगळं कोरलं, तीच. कड्यावर पायाखाली सुमारे 27 कोटी वर्षांचा चुनखडक. तळाशी ज्या काळ्या विष्णू शिस्ट या खडकाला हात लागतो (हो, नाव विष्णूचंच) तो 170 कोटींच्या आसपासचा. नदीतला क्रिस्टल रॅपिड हा खळाळता टप्पा इतका का उसळतो? 1966 च्या पुरात बाजूच्या घळीतून दगडधोंडे येऊन पात्रात पडले म्हणून. होडीतून जाताना त्या घळीचं तोंड समोर दिसतं आणि उलगडा होतो. आणि ते पाणी! वर चाळिशीचं ऊन, पण हात बुडवला की बोटं बधिर, कारण वरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून जलाशयाचं खोलवरचं पाणी सोडतात. कठड्याला रेलून यातलं काय कळतं, सांगा.

राहिले गुडघे. मी तीनदा उतरलोय, आणि सुखासुखी नाही. दुसऱ्या खेपेला परतीच्या चढावर माझं पाणी संपलं. साउथ कायबॅबवर वाटेत थेंब मिळत नाही. त्याच वाटेवरच्या सीडर रिज या ठिकाणाजवळ एका वयस्क जोडप्याने त्यांची बाटली दिली. त्या बाईंच्या गुडघ्याला पट्टा होता, त्या तिथूनच मागे फिरणार होत्या. मी मात्र नदी गाठून आलो होतो. घाम गाळलाय मी, माज कसला करतोय?

एका दिवसात नदीपर्यंत जाऊन यायला मी लोकांना भरीस घालतो, तिथे तर तसं करू नका अशा पाट्या आहेत, हा आपला दुसरा मुद्दा. पाट्या मीही वाचल्यात. वाचक सज्ञान आहेत. वाटेवरच्या खेचरांबद्दलच्या आपल्या तक्रारीत तर मी पडतच नाही.

तुमच्या आईंना कड्यावरचा सूर्यास्त आवडला, आनंद आहे. त्यांच्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांना मध्ये तुम्ही आणलंत.