उंचीतून शंभर वजा केल्यावर काय उरतं?

आरसा आणि वजनकाटा कधी खोटं बोलत नाहीत, असं सांगणारा एक लांबलचक मजकूर घरोघरच्या ग्रुपांवर फिरतो आहे. आमच्याकडे तो दोन महिन्यांत चारदा आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सेंटिमीटरमधल्या उंचीतून १०० वजा करा, उरेल तेवढंच वजन हवं. माणूस सडपातळ दिसला की तो निरोगी. बायकांनी चालावं, पण वजनं उचलू नयेत. अंग पुरुषी होतं आणि गर्भाशय खाली येतं. आणि साठीनंतर शरीर झिजणारच, तेव्हा ते जपून ठेवावं, फार हलवू नये.

माझी सतरा वर्षांची भाची खो-खो खेळते. तिच्या वजाबाकीत चार किलो जास्त निघाले आणि तिने रात्रीची भाकरी सोडली. पंधरा दिवसांत सरावाला तिला दम पुरेना. म्हणून हे लिहिते आहे.

आधी ती वजाबाकी. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाच्या नावावर आहे. सोपी आहे म्हणून टिकली. पण ती आजच्या हिशेबाशीही जुळत नाही. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईला ती ६० किलो सांगते. तिचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, काढला तर २३.४ येतो, आणि भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन धरतात. म्हणजे एका सूत्राने आदर्श ठरलेली बाई दुसऱ्या सूत्राने जाड. आणि दोन्ही सूत्रांना एक गोष्ट मुळीच कळत नाही: ते किलो कशाचे आहेत? हाडांचे, स्नायूंचे, पाण्याचे की चरबीचे? तालमीत रोज शेकड्यांनी जोर-बैठका मारणारा मल्ल या वजाबाकीत लठ्ठ ठरतो. माझी भाचीसुद्धा. तिच्या मांड्या भरदार आहेत, कारण खो मिळाला की बसल्या जागेवरून झटक्यात उठून धावायचं काम त्या मांड्या सहा वर्षं करत आल्या आहेत. भाकरी सोडून तिने जे चार किलो घालवायला घेतले होते, ते तिच्या खेळाचेच होते.

सडपातळ म्हणजे निरोगी, हा मुद्दा खोडायला फार लांब जायला नको. पुण्यातच त्याचं उत्तर आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. फोटोत दोघेही सडपातळच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांवरही याज्ञिकांच्या गटाने काम केलं. ती बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी २.७ किलोची, पण त्यांची चरबी त्या मानाने टिकून असलेली. कमी पडले ते स्नायू. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाला मधुमेह निघतो तेव्हा नातेवाइकांना धक्का बसतो, तो याचसाठी.

इथे त्या मजकुरातलं एक मात्र मान्य करायला हवं. पोटाचा घेर खरंच महत्त्वाचा आहे. आतड्यांभोवती साठणारी चरबी घातक असते, आणि भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेघ मानतात. पण ती टेपने मोजायची गोष्ट आहे. साडीत पोट कसं दिसतं, यावरून ती ठरत नाही.

आता ज्या मुद्द्याने मला सगळ्यात जास्त चीड आली, तो. बायकांनी वजन उचलू नये.

घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. टाकीसकट वजन तीस किलोच्या आसपास जातं. ती टाकी गॅलरीतून ओट्याखाली कोण सरकवतं? पाण्याचे हंडे, वैरणीचे भारे, कडेवरचं दोन वर्षांचं मूल, दळणाचा डबा हे सगळं कोण उचलतं? तेव्हा गर्भाशयाची काळजी करणारा एकही मजकूर मला कधी आला नाही. तीच बाई सकाळी अर्धा तास स्वतःसाठी डंबेल हातात घेते, तेव्हा मात्र सगळ्यांना तिच्या पोटातल्या अवयवांची आठवण होते.

गर्भाशय खाली सरकण्यामागे बाळंतपणं, वाढतं वय, कायमची बद्धकोष्ठता, जुनाट खोकला अशी कारणं असतात. वर्षानुवर्षं अवजड ओझी वाहण्याचाही त्यात वाटा असतो, हे खरं. म्हणून ज्यांना तसा त्रास आहे किंवा नुकतंच बाळंतपण झालं आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं आणि शिकवणाऱ्या माणसासमोरच सुरुवात करावी. पण थोड्यापासून सुरू करून, श्वास न कोंडता, हळूहळू वाढवलेलं वजन वेगळं. मान मोडेस्तोवर वाहिलेलं ओझं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे की प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. त्यात बायकांना सूट दिलेली नाही. पाळी गेल्यावर हाडं भराभर विरळ होतात, आणि हाडाला टिकून राहायला भार लागतो. नुसत्या चालण्याने मनगटाच्या हाडाला काय मिळणार?

अंग पुरुषी होतं म्हणतात. पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, बायकांपेक्षा दहापटीहून जास्त असतं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा वजन उचलून कुणी पहिलवान होत नाही. वेटलिफ्टर मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलोच्या गटात ११५ किलो डोक्यावर पेललं, स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. पण खरं सांगायचं तर मला हा युक्तिवाद पुरा पटत नाही. घाबरू नका, तुम्ही नाजूकच दिसाल, असं समजावणं म्हणजे पुन्हा त्याच आरशापुढे उभं राहणं. दंड थोडे भरले, ब्लाउजची शिवण उसवावी लागली, तर लागू दे. शिंप्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे.

आषाढी वारीत पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट चढणाऱ्या बायका एकदा बघाव्यात. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर चालतात त्या. कुणी काटकुळी, कुणी रुंद, कुणाचे पाय बाकदार, डोक्यावर तुळशीवृंदावन. त्यांतल्या कितीजणी त्या वजाबाकीत बसतील?

मग शरीराला विचारायचं तरी काय? पकड किती आहे, हे विचारा. २०१५ साली १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताची पकड मोजलेला एक अभ्यास आला, त्यात भारतातलेही लोक होते. पुढच्या चार वर्षांत मरण पावण्याचा धोका वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा पकडीवरून जास्त चांगला कळत होता. पकड वाढवली की आयुष्य वाढतं, असं याने सिद्ध होत नाही. पण शरीरात किती ताकद शिल्लक आहे, ते ती सांगते. ब्राझीलमधल्या क्लॉदिओ जिल अराउजो यांच्या गटाने ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. ज्यांना हात, गुडघे टेकून जास्त आधार घ्यावा लागला, त्यांच्यात नंतरच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. आपल्या घरांत ही परीक्षा रोज दोन वेळा पानावर बसताना होत होती. डायनिंग टेबल आलं आणि ती बंद झाली.

राहिला साठीनंतर बसवून ठेवण्याचा सल्ला. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त माणसांना पायांनी वजन उचलायला लावलं. नऊजणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी काठी सोडली. नव्वदीत.

माझ्या आईला आम्हीच बसवलं होतं. ६८ व्या वर्षी ती घसरली, हाड मोडलं नाही, पण आम्ही घाबरलो. खाली बसू नकोस, वाकू नकोस, राहू दे, मी करते. दीड वर्षात ती कमोडवरून उठतानाही हात मागायला लागली. ते वयामुळे झालं नव्हतं, आमच्या मायेने झालं होतं. मग फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून हात न लावता उठणं सुरू केलं, दिवसाला पाच वेळा. पुढे दहा. पुढे हातात पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. तिचं वजन मधल्या काळात दोन किलोंनी वाढलं, आणि त्या मजकुराच्या हिशेबात ती आता आणखी बिघडली आहे.

यंदा गौरीच्या जेवणाला ती आमच्याबरोबर पाटावर बसली. जेवण झाल्यावर एक हात जमिनीला टेकून उठली. दुसऱ्या हातात तिचं ताट होतं.